नंबरबाईंच्या मिटलेल्या डोळ्यांचं प्रकरण

"माझी नजर अशी आहे की गुन्हेगार माझ्यासमोर यायच्या आधीच ओशाळतो. ज्यांना मी पकडलं ते मला विसरत नाहीत, आणि ज्यांना मी अजून पकडलेलं नाही त्यांना झोप लागत नाही. चेहऱ्यावरची रेघ न हलवता मी सतरा प्रकारे बघू शकतो. माझी बुद्धी हे शस्त्र आहे आणि त्याला परवाना लागत नाही, हे पोलिसांचं नशीब."

हा मजकूर मामांच्या वहीच्या पहिल्या पानावर होता. अक्षर मामांचं होतं, खाली निराळ्या शाईने 'साक्षांकित' असं लिहिलं होतं, आणि साक्षांकनाची सहीही मामांचीच होती.

मामा एका चष्म्याच्या दुकानात फ्रेमांचा साठा सांभाळत. म्हणजे मागच्या खोलीत खोक्यांच्या भिंतीआड बसून कुठली फ्रेम किती उरली ते सांगत. हे आकडे सहसा बरोबर निघत, कारण ते दुकान झाडणाऱ्या मावशी मोजून देत. उरलेला वेळ, म्हणजे जवळजवळ सगळाच, मामा शोधकार्याला वाहत. आजवर त्यांच्या नावावर तीन प्रकरणं जमा होती. पहिलं बारक्या पेचकसाचं. तो ज्याचा हरवला त्यालाच सापडला, जिथे ठेवला तिथेच. पण तपास चालू असताना सापडल्यामुळे श्रेय मामांकडे गेलं. दुसरं छत्र्यांच्या अदलाबदलीचं, ज्यात दोन्ही छत्र्या अखेर मामांच्याच खुर्चीमागे निघाल्या. तिसरं प्रकरण अजून तपासावर होतं, कारण ते कशाचं होतं हे मामांना आठवत नव्हतं.

या कामात त्यांना एक सहायक होती. तिला कोणी विचारलं नव्हतं. ती त्यांच्या सख्ख्या बहिणीची मुलगी, वय तीस, दुकानात काचा घासून फ्रेममध्ये बसवायचं काम करी. मामांनीच तिला इथे चिकटवलं होतं आणि हे ते आठवड्यातून दोनदा, साधारण सोमवारी आणि गुरुवारी, बोलून दाखवत. दुकानात सगळेच तिला भाची म्हणत, मालकसुद्धा. त्यामुळे रजा मागायला गेलं की मालक म्हणत, अगं भाची, हे तर घरचंच काम, आणि घरच्या माणसाला रजा कसली.

भाचीने चार महिन्यांपूर्वी एक कॅमेरा घेतला होता आणि पंधरा दिवसांपूर्वी त्याच्या डोक्यावर बसवायचा फ्लॅश. ही चूक होती असं नाही, पण ती दुकानात सांगायला नको होती. मालकांना नव्या शाखेच्या दर्शनी फलकासाठी आणि भिंतीसाठी सगळ्या माणसांचे फोटो हवे होते, आणि घरच्या माणसाकडे कॅमेरा आहे म्हटल्यावर बाहेरचा फोटोग्राफर बोलवायचा प्रश्नच मिटला.

भिंतीवरचे फोटो सरळ झाले. काउंटरपाशी इतके दिवे की फ्लॅश लावायलाही लागला नाही. एकेक जण येऊन उभा राहिला, हसला, गेला. मालकांच्या मेहुण्यांचा फोटो तर फार स्वच्छ आला. मेहुणे दुकानात नक्की काय करत हे कोणी नीट सांगू शकत नसे, पण त्यांचे डोळे फोटोत टक्क उघडे होते. डोळ्यांमागे काही चाललेलं नसलं की ते उघडे ठेवायला त्रास पडत नाही.

अडलं ते नंबरबाईंपाशी.

नंबरबाई म्हणजे डोळे तपासून चष्म्याचा नंबर काढणाऱ्या बाई. सव्वीस वर्षं एकाच खोलीत, एकाच फिरत्या स्टुलावर. आत यंत्र, समोर अक्षरांचा उजळ तक्ता, बाकी अंधार. माणसाच्या नाकावर चौकट चढवायची, काच बदलायची आणि विचारायचं, "हे बरं की हे?" दिवसातून चारशे वेळा. या प्रश्नापलीकडे त्या फारसं बोलत नसत. भाची कामावर आली तेव्हा तिला काच हातात धरायला त्यांनी शिकवलं होतं. तिने फोडलेल्या पहिल्या अकरा काचा त्यांनी आपल्या हातून फुटल्या म्हणून सांगितल्या होत्या. हा हिशेब भाचीच्या डोक्यात होता.

नवी शाखा नंबरबाईंच्या हाती द्यायची असं ठरलं होतं. फलकावर त्यांचा मोठा फोटो, यंत्राशेजारी, आणि खाली 'आमच्या मुख्य तपासनीस'. मालकांनी सहा महिन्यांपूर्वी चारचौघांत कबूल केलं होतं, आणि तेव्हापासून ते शब्द मागे घेण्याची वाट शोधत होते, कारण घरून मेहुण्यांबद्दल रोज विचारणा होत होती. ती वाट नंबरबाईंच्या फोटोने दाखवली. सोमवारी भाचीने अंधाऱ्या खोलीत त्यांचे आठ फोटो काढले. आठही फोटोंत नंबरबाईंचे डोळे मिटलेले.

मालक फोटो बघून म्हणाले, चष्म्याच्या दुकानावर डोळे मिटलेली तपासनीस लावली तर लोक समजतील की इथे अंदाजाने नंबर देतात. गुरुवारी चार वाजता फलक छापणारा येणार. तोवर धड फोटो झाला तर ठीक, नाहीतर मेहुण्यांचा तयारच आहे, आणि मग शाखाही त्यांच्याच नावाने राहू दे, फलकावर एक आणि खुर्चीत दुसरा असं बरं दिसत नाही. हे ते फार दुःखाने म्हणाले. दुःख त्यांना चांगलं जमत असे.

मामांना ही बातमी पाच मिनिटांत लागली. त्यांनी भाचीला खोक्यांआड बोलावून सांगितलं की हा फोटोचा विषय नाही, हा गुन्ह्याचा विषय आहे, आणि कोरं पान उघडलं.

पहिल्या आठ फोटोंत मामांना लगेच एक महत्त्वाची गोष्ट दिसली. नंबरबाईंच्या मागे, भिंतीवर, आणखी एक माणूस उभा होता. काळा, नंबरबाईंएवढ्याच उंचीचा, आणि अंबाडाही तसाच.

"साथीदार," मामा हळू आवाजात म्हणाले.

भाचीने सांगितलं की मामा, ती सावली आहे. फ्लॅश समोरून तोंडावर मारला की मागे भिंतीवर अशी काळी सावली पडते. मामांनी ते ऐकून घेतलं आणि वहीत लिहिलं: 'साथीदार सावलीच्या वेषात.'

भाचीला मात्र त्या फोटोंची लाज वाटत होती, डोळ्यांच्या आधी बाकीच्याचीच. समोरून पडलेल्या उजेडाने नंबरबाईंचा चेहरा सोललेल्या उकडलेल्या बटाट्यासारखा झाला होता, कपाळ चकाकत होतं आणि नाकाला उंचीच उरली नव्हती. तिने रात्री फ्लॅशची पुस्तिका वाचली. मंगळवारी तिने नंबरबाईंना भिंतीपासून दोन हात पुढे आणलं आणि फ्लॅशचं तोंड वळवून छताकडे केलं. छत पांढरं होतं. उजेड वर आपटून सगळीकडून खाली उतरला, चेहऱ्यावर गाल परत आले, आणि साथीदार भिंतीवरून नाहीसा झाला. मामांनी नोंद केली: 'साथीदार फरार.'

पण वरून पडणाऱ्या उजेडाने डोळ्यांच्या खोबणी काळ्या दिसायला लागल्या. मग भाचीने फ्रेमच्या खोक्याचा पांढरा पुठ्ठा कापून फ्लॅशच्या मागे रबरबँडने उभा बांधला, म्हणजे थोडा उजेड पुढेही येईल. आला. खोबणी उजळल्या, पापण्यांचा एकेक केस दिसायला लागला. पंधरा दिवसांच्या शिकाऊ फोटोग्राफरच्या मानाने फोटो फार देखणे होते. देखणे आणि मिटलेले.

मंगळवारी सोळा, बुधवारी एकोणीस. सोमवारचे आठ धरून त्रेचाळीस. त्रेचाळीसच्या त्रेचाळीस फोटोंत नंबरबाई अशा दिसत होत्या की जणू त्यांना कोणीतरी वाईट कविता वाचून दाखवतंय. त्यांनी आपल्याकडून सगळं केलं. डोळे ताणून मोठे केले, मग नेहमीसारखे ठेवले, मग तक्त्याच्या शेवटच्या ओळीकडे लावून बघितले. जितके ताणून उघडत तितके घट्ट मिटत. दोन फोटो शेजारी ठेवून भाचीने दाखवले तेव्हा त्यांच्या तोंडून सवयीने निघालं, "हे बरं की हे?" आणि मग त्या उठून पुढच्या गिऱ्हाइकाला बोलवायला गेल्या. भाचीला त्यापेक्षा त्या रागावल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

इकडे मामांचा तपास पानापानाने पुढे सरकत होता. मंगळवारी सकाळचा सिद्धांत असा की नंबरबाईंना आपली ओळख लपवायची आहे. मामांनी दुकानाच्या कपाटातून त्यांचं जुनं ओळखपत्र काढलं. त्यात डोळे उघडे होते. फोटो खिडकीपाशी, दिवसाउजेडी काढलेला. मामांनी निष्कर्ष काढला की ओळखपत्रावरची बाई दुसरीच कोणी आहे.

दुपारी त्यांना वाटलं की बाई उभ्याउभ्या झोपतात. याची खातरजमा करायला त्यांनी जेवणाच्या सुट्टीत नंबरबाईंवर दाराच्या फटीतून पाळत ठेवली आणि त्यांनी सावकाश, प्रत्येक घास नीट चावून जेवण केल्याचं टिपलं. 'अतिशय जागेपणाने जेवतात,' मामांनी लिहिलं. 'संशयास्पद.' या कामात त्यांचं स्वतःचं जेवण राहिलं, म्हणून संध्याकाळी त्यांनी भाचीचा डबा तपासासाठी ताब्यात घेतला.

संशयितांची यादीही झाली. तीत दुकानातला प्रत्येक जण होता. पाणी भरणारा होता, समोरच्या दुकानातला शिंपी होता, भाचीचंही नाव कंसात होतं. फक्त मेहुणे नव्हते. भाचीने विचारलं, ज्याचा फायदा व्हायचाय तेच कसे यादीत नाहीत. मामा म्हणाले की मेहुण्यांना त्यांनी पूर्ण तपासून वगळलंय. तपास असा झाला होता की बुधवारी मेहुण्यांनी मामांना चहा पाजला आणि म्हणाले, तुमच्यासारखी नजर हजारांत एखाद्याला.

त्याच चहावर मामांना शेवटचा सिद्धांत सुचला. की मेहुण्यांना सुचला आणि मामांनी उचलला, हे सांगणं अवघड. चहा दोघांचा होता. सव्वीस वर्षं चष्म्याच्या दुकानात काढूनही या बाईंच्या नाकावर चष्मा नाही. का नाही? कारण चष्मा लावला तर नंबर सांगावा लागेल, आणि नंबर सांगितला तर त्यांना दिसत नाही हे उघड होईल. डोळे अधू झालेत, उजेड सोसत नाही, म्हणून मिटतात. मामांनी हे दोन पानांत स्वच्छ अक्षरात लिहिलं आणि भाचीला न विचारता मालकांच्या टेबलावर ठेवून आले.

भाचीला ते गुरुवारी दुपारी तीनला कळलं, तेही मामांनीच अभिमानाने सांगितल्यामुळे.

ती म्हणाली, "मामा, नंबर काढणाऱ्या बाईला दिसत नाही असं लिहून दिलंत. उद्या शाखा सोडा, ही खोलीसुद्धा राहील का त्यांच्याकडे?"

मामा म्हणाले की सत्य कटू असतं आणि ते शोधणाऱ्याला घरात किंमत नसते. पण त्यांनी वही मिटली. इतक्या वर्षांत त्यांनी वही दिवसा मिटल्याचं भाचीने पहिल्यांदा पाहिलं.

तीन वाजून दहा मिनिटांनी ती कॅमेरा घेऊन नंबरबाईंच्या खोलीत शिरली. नंबरबाई यंत्राशेजारी स्टुलावर बसल्या. मामा संशयितावर नजर ठेवायला मागोमाग आले. दारात मावशी उभ्या होत्या, हातात फडकं, मान वर. पंखा फोटोत आला तर धूळ दिसायला नको, अशी मालकांची सूचना होती, त्यामुळे पंखा बंद कधी करता आणि पुसू कधी देता, याची त्या वाट बघत होत्या. भाचीने त्यांना एक फोटो होऊ द्या म्हटलं. छताकडे तोंड करून फ्लॅश लखलखला. नंबरबाईंचे डोळे मिटलेले. चव्वेचाळीस. हा एक तिने तिथल्या तिथे पुसून टाकला. आकडा वाढलेला बघवेना.

"हा पंखा पुसायला मला अर्धा तास लागणार," मावशी दारातून म्हणाल्या. "सहा सहा पाती."

मामांनी हळूच भाचीकडे वाकून सांगितलं की साक्षीदाराला मोजता येत नाही, लक्ष देऊ नकोस. त्यांच्या फ्रेमा दरमहा कोण मोजतं, हे त्या क्षणी त्यांच्या ध्यानात नसावं.

भाचीचं लक्ष मात्र गेलं. तिने विचारलं, "मावशी, एरवी किती असतात?"

"तीन. पुसते ना मी. पण तुझा दिवा लागला की सहा दिसतात. आधी तीन दिसतात, त्यांच्या मध्ये लगेच आणखी तीन. कालपासून बघतेय. म्हटलं नवीन बसवलीत की काय."

भाचीने कॅमेरा डोळ्यावरून काढून कमरेशी धरला, मान वर केली आणि खटका दाबला. अंधाऱ्या खोलीत फिरता पंखा उजेडात थबकल्यासारखा दिसला, एकदा नव्हे, लागोपाठ दोनदा. तीन आणि तीन.

दिवा दोनदा लागत होता.

खोलीत तीन दिवस तीन माणसं होती आणि दिव्याकडे कोणीच बघत नव्हतं. भाचीचा डोळा कॅमेऱ्याला, मामांची नजर संशयितावर, आणि संशयिताचे डोळे मिटलेले. भाचीने पुस्तिका काढली. सतराव्या पानावर, ती नेहमी उलटून पुढे जात असे त्या बारीक अक्षरात, लिहिलं होतं: फ्लॅश आपोआप चालवायला ठेवला की तो आधी एक छोटी चमक मारून उजेड किती लागेल ते मापतो, आणि मग डोळ्याची पापणी लवते न लवते तोच खरा लखलखाट करतो. काही माणसांच्या पापण्या चपळ असतात. पहिल्या चमकेला मिटायला निघतात आणि खऱ्या फोटोला बरोबर मिटलेल्या सापडतात. अंधारात बसलेल्या माणसाचं तर बोलायलाच नको. नंबरबाईंच्या डोळ्यांत खोट काढायची तर एवढीच होती की ते दुकानातले सगळ्यांत चपळ डोळे होते.

आपोआपचं सोडून हाताने ताकद ठरवली तर पहिली चमक येत नाही, असंही तिथे होतं. भाची फ्लॅशवरच्या त्या खटक्याच्या वाटेला आजवर गेली नव्हती, कारण मग अंदाज आपला आपण करावा लागतो. तिने खटका फिरवला.

पहिल्या फोटोत नंबरबाई कोऱ्या कागदासारख्या पांढऱ्या आल्या. तिने ताकद एकदम खाली आणली, तेव्हा फोटोत नुसता अक्षरांचा तक्ता आला. पण पहिल्या पांढऱ्या फोटोत दोन काळे ठिपके होते आणि ते उघडे होते. ती ताकद मधे कुठे ठेवावी याच्या खटपटीत होती तेवढ्यात दार लोटून मालक आत आले. मागे मेहुणे. मालकांच्या हातात मामांची दोन पानं होती.

मालक म्हणाले, चारला दहा मिनिटं आहेत, फलकवाला बाहेर येऊन बसलाय, आणि बाई, तुमच्याबद्दल हे आलंय माझ्याकडे, मला वाचून फार वाईट वाटलं. आणि वाईट वाटलेल्या आवाजात, सगळ्यांसमोर, ते मोठ्याने वाचायला लागले.

"'सदर महिलेची दृष्टी अधू असून—'"

नंबरबाईंनी भाचीच्या मागे उभ्या असलेल्या मालकांकडे बघितलं. भाचीने खटका दाबला.

उजेड एकदाच झाला. नंबरबाईंच्या पापण्या मिटल्या, नेहमीसारख्याच चपळ, पण तोवर फोटो झाला होता.

मामांनी त्या पानांकडे बघून न बघितल्यासारखं केलं, अठरावा प्रकार. भाचीने कॅमेऱ्याची पाठ मालकांपुढे धरली. गाल गालासारखे होते, नाकाला उंची होती, मागे यंत्र ठळक, भिंतीवर कोणी नाही. पुठ्ठ्याच्या उजेडाचा एक एक ठिपका दोन्ही बुबुळांत आला होता. आणि त्या डोळ्यांतून सव्वीस वर्षं, सहा महिने आणि दोन पानं मिळून मालकांकडे सरळ बघत होती. मालकांनी कॅमेरा थोडा डावीकडे कलवला. नजर त्यांच्याबरोबर आली. उजवीकडे कलवला, तरी तेच. मेहुण्यांनी डोकावून बघितलं आणि बाहेर काहीतरी काम आठवल्यासारखं करून गेले.

दारात फलकवाला येऊन उभा राहिला होता. त्याने विचारलं की चेहरा कुठला घ्यायचा.

मालकांनी पानांची घडी केली, ती आणखी लहान केली, खिशात घातली. डोळे उघडे आहेत म्हटल्यावर मेहुण्यांना शाखा द्यायची वाट बंद झाली होती. चारचौघांत दिलेला शब्द चारचौघांसमोर उभा होता. त्यांनी भाचीला बाजूला घेतलं आणि आवाज उतरवून विचारलं, "भाची, आधीच्यातला एखादा... मिटलेला... शिल्लक असेल का?"

"नाही. सगळे पुसून टाकले."

त्रेचाळीसही तिच्या गळ्यातल्या कॅमेऱ्यात होते. मालकांना शंका आली असावी, कारण ते तिच्या चेहऱ्यावरून नजर काढून कॅमेऱ्याकडे बघायला लागले. तेवढ्यात मामा पुढे झाले. कोणी विचारलं नव्हतं, पण कुठल्याही गोष्टीला साक्षीदार नसणं त्यांना सोसत नसे.

"माझ्यासमोर पुसले," मामा म्हणाले. "एकेक करून. मी मोजले."

मामांच्या सगळ्या कारकिर्दीत उपयोगी पडलेली ही एकमेव साक्ष होती, आणि तिच्यात एक शब्द खरा नव्हता. मालकांनी फलकवाल्याकडे बघून मान हलवली. तो फोटो घेऊन गेला. नंबरबाईंनी स्टूल यंत्रापाशी ओढलं, मावशींना पंखा नंतर पुसा म्हणून सांगितलं, आणि भाचीला म्हणाल्या की बाहेर गिऱ्हाईक बसलंय, त्याला आत पाठव.